मुखत्यार

सोई कियाव म्हातारीची मरणाची तयारी अगदी चोख होती. भिंतीवर लावायचा फोटो तिने स्वतः स्टुडिओत जाऊन काढून घेतला होता, जांभळा ब्लाउज घालून आणि "जरा हसा" म्हणणाऱ्या फोटोवाल्याला झापून. शेवटचे कपडे कपाटाच्या वरच्या खणात होते. अस्थी ठेवायचा कोनाडा नवऱ्याच्या शेजारी घेतला होता, तोही दुपारचं ऊन न लागणारा, कारण जन्मभर त्याचं घोरणं सोसलं, आता उकाडा कशाला सोसायचा? लोकांना जेवायला काय वाढायचं तेही ठरलं होतं. फक्त मरेपर्यंत काय, एवढी बारीकशी गोष्ट राहून गेली होती.

ती बारीकशी गोष्ट धाकट्या लेकीच्या, लाय खिमच्या, गळ्यात पडली होती. लग्न न केलेली मुलगी म्हणजे घरातलं सरकारी ऑफिसच. सगळ्यांची कामं तिथे येऊन पडतात आणि आभार मानायची पद्धत नसते. सिंगापुरातल्या हौगांगच्या त्या फ्लॅटमध्ये आईची आंघोळ, औषधं, माशाची पेज, सगळं तीच बघायची. आता आई विसरायला लागली होती. परवा राइस कुकर कपड्यांच्या कपाटात सापडला, भातासकट.

दवाखान्यातल्या नर्सने स्पष्टच सांगितलं, "आईंना समजतंय तोवर मुखत्यारपत्र करून घ्या. एकदा समज गेली की बँकेत, इस्पितळात तुमचं कोणी ऐकणार नाही. मग कोर्टात खेटे घालत बसा."

थोरला भाऊ कोक स्यांग पर्थला असायचा आणि दर रविवारी व्हिडिओवर दर्शन द्यायचा.

"आ नोई, या गोष्टींचं आधीपासून प्लॅनिंग हवं," तो धाकट्या बहिणीला म्हणाला. त्याच्यामागे अंगणात मांस भाजत होतं. "घरच्या आजाऱ्याची काळजी कशी घ्यावी यावर मी ऑनलाइन शिबिर केलं. डोळे उघडले बघ माझे!"

"उघडलेच आहेत तर इकडे येऊन बघ ना, हिया." दादाला ती हिया म्हणायची.

"तिकिटं बघतोय."

बघण्यात तो पटाईत होता. आईचा चष्मा बदलला तेव्हाही तो तिकिटंच बघत होता, आणि आता तोही चष्मा जुना झाला होता.

आईपुढे समज जाण्याचा, मुखत्यारपत्राचा विषय काढला की ती थू थू करायची. "अभद्र बोलू नकोस! माझ्या मरणाचं बोल हवं तर."

तरी लाय खिमने पेज भरवता भरवता तिची तालीम घेतली.

"डॉक्टर विचारतील, मुखत्यार म्हणजे कोण? काय सांगशील?"

"माझे पैसे खाणारा."

"आई!"

"मग काय, माझी पेज खाणारा?"

नेमल्या दिवशी, समज तपासून दाखला देणाऱ्या डॉक्टर नूरहायाती दारातच म्हणाल्या, "तुम्ही बाहेर बसा. मला एकट्या आईंशी बोलायचंय. कोणी शिकवून पाठवलं नाही ना, तेही बघावं लागतं."

"पण तिला आमची तिओच्यू बोलीच येते. मी सांगते ना समजावून..."

"कोण म्हणतं?" आई कडाडली. "बाजारात मासे विकण्यात जन्म गेला माझा. मलाय बोलल्याशिवाय खपले का ते?" आणि तिने डॉक्टरांशी फर्ड्या बाजारी मलायमध्ये गप्पा सुरू केल्या. तालीम सगळी तिओच्यूत झाली होती.

दार बंद झालं. लाय खिम बाकावर बसली. तिला भीती वाटत होती. आदल्याच दिवशी आईने तिला मेलेल्या मावशीच्या नावाने हाक मारली होती. आता लेकीचं नाव विचारलं आणि तेच नाव निघालं तर? आतून हसण्याचा आवाज आला. दवाखान्यात हसणं ऐकून एवढं घाबरलेलं माणूस दुसरं नसेल.

अखेर डॉक्टरांनी तिला आत बोलावलं.

"सगळं नीट समजतंय त्यांना. मुखत्यार म्हणून तुमचंच नाव दिलंय. मुलगा का नको विचारलं, तर म्हणाल्या, तो फोनमध्ये राहतो." डॉक्टरांनी हसू आवरलं. "पण सही करत नाहीयेत. आधी तुमचं मुखत्यारपत्र व्हायला हवं म्हणतात."

"माझं कशाला? मी धडधाकट आहे."

"मीही होते," आई म्हणाली. "उद्या तू विसरलीस तर कोण बघणार तुझ्याकडे? नाव सांग."

लाय खिमने तोंड उघडलं. हिया तिकिटं बघत होता. ऑफिसातल्या मैत्रिणी ऑफिसबरोबरच सुटल्या होत्या. सगळ्या घराची कामं उपसणाऱ्या त्या बाईला एक नाव सुचेना. तिला स्वतःचाच राग आला.

"घाई नाही," डॉक्टर हळूच म्हणाल्या. "सवडीने ठरवा."

"सवड कशाला?" आईने फोटोच्या वेळी केला होता तसा ब्लाउज नीटनेटका केला. "लिहा डॉक्टर, माझं नाव. मी आई आहे तिची. मी नाही बघणार तर कोण बघणार?"

डॉक्टरांनी लाय खिमकडे पाहिलं. समज शाबूत असल्याचं त्यांनी आत्ताच सांगितलं होतं.

"लिहा, डॉक्टर," लाय खिम कशीबशी म्हणाली.

डॉक्टरांनी एका कोऱ्या चिठ्ठीवर ते नाव लिहून दिलं. तेव्हा कुठे म्हातारीने पेन मागितलं आणि आपल्या कागदावर सावकाश सही केली. मग चिठ्ठीची घडी घालून लेकीच्या हातात कोंबली.

"पर्समध्ये ठेव नीट," ती म्हणाली. "तुझ्या काही लक्षात राहत नाही."