गेनूचं रडणं

"शिकलेलं तोंड घेऊन बायकांपुढे उभी राहू नकोस. आधी त्यांच्याजवळ बस," विंझरला निघताना सासूबाईंनी बजावलं होतं. मी हसण्यावारी नेलं. पुण्याच्या कॉलेजात वक्तृत्वाची ढाल मिळवलेली मी!

हे विंझरच्या शाळेत मास्तर. शेजारची ठकुबाई भातलावणीला जाताना तान्ह्या गेनूला कणभर अफू चाटवायची, की पोर बांधावर दिवसभर निपचित. मी माझ्या झोपलेल्या लेकीच्या, कुंदाच्याही नाकापाशी बोट धरून बघणारी. मला ते बघवेना.

अफूने श्वास कसा मंदावतो, ते मी समजावलं. मोठ्या डॉक्टरांचं नाव घेतलं. शेवटी रडलेसुद्धा. ठकुबाईनंच पदरानं माझे डोळे पुसले.

"मास्तरीणबाई, आज अंबूबाईचं खाचर, उद्या माझं. पोरापायी सारखी उठले तर माझ्या लावणीला कोन यील? तुमी कदी चिखलात उभ्या ऱ्हायलाय?"

"नाही."

"मग?"

त्या 'मग'पुढे माझी ढाल काय कामाची? दुसऱ्या दिवशी कुंदाला घेऊन मी इरलं पांघरून बांधावर बसले. "आज अफू नको. गेनूला माझ्याकडे दे."

गेनू असा रडला, की कुंदानंही सूर धरला. अंबूबाई चिखलातून ओरडली, "मास्तरीणबाई, तुमच्यापरीस ह्यो भाषण ब्येस करतुया!" बाया खिदळल्या. पातळ भिजलं, मांड्या बधिर झाल्या, पण मी उठले नाही.

दुपारी ठकुबाई पाजायला आली. माझ्याकडे बघत राहिली.

"उद्याबी याल?"

"लावणी संपेपर्यंत येईन."

तिनं कमरेची चंची सोडली आणि अफूची पुडी ओढ्यात भिरकावली. "आता तुमच्याच जिवावर बरं का!"

आणि मध्येच कुंदाला ताप चढला. आम्हाला भोरला दवाखान्यात यावं लागलं. "जावा बिनघोर. पोरीला जपा," ठकुबाई म्हणाली. कुंदा आता बरी आहे, पण अशक्त. इतक्यात हलता येत नाही. लावणी अजून चालूच आहे, आणि बांधावरची माझी जागा रिकामी.

तुम्ही वेल्ह्याकडे निघालात, तर विंझरच्या ओढ्यापाशी जरा थांबा. बांधावर इरल्याखाली गेनू असेल. रडत असेल, तर खुशाल पुढे जा. गप्प असेल, तर तेवढं वाकून त्याच्या नाकापाशी बोट धरून बघा.