हाकेला आलेली मादी

मी होडीच्या कडेवर वाजवायची काठी. चिंचेच्या लाकडाची, वीतभर लांब. ब्रह्मदेशातल्या इरावती नदीवरचे कोळी मला वाजवून डॉल्फिनला बोलावतात. तो मासे होडीकडे रेटत आणतो, शेपटी वर काढून खूण करतो, मग जाळं पडतं. जाळ्यातून निसटतील ते मासे त्याचे.

मला बा छिट नावाच्या कोळ्याने तासलं. तो गेल्यावर त्याची बायको खिन सान होडी चालवू लागली. तोंडाने तिखट, हाताने जड. तिच्या हाकेला एक मादी यायची. तिला ती जाऊबाई म्हणायची.

"आलात? एवढा उशीर? दादला सोडत नव्हता वाटतं!"

मादी फुर्रकन पाणी उडवायची. यंदा तिने पिल्लूही आणलं होतं.

खिन सानचा दीर चो लिन चोरून विजेने मासे मारायचा. बॅटरी आणि दोन तारा. पाण्यातलं लहानमोठं सगळं उताणं. एका सकाळी खिन सान बाजारात गेली नि त्याने मला उचललं.

"वहिनीची जाऊबाई आयते मासे आणते, मग आपण कशाला वणवणायचं?"

त्याने वाजवलं, मी वाजले. लाकडाला तोंड मिटता येत नाही. मादी मासे रेटत आली, भरवशाने शेपटी उचलली. त्याने तारा सोडल्या.

खिन सान परतली तेव्हा मादी काठाशी उताणी तरंगत होती. पिल्लू तिला ढुशा देत होतं.

"एवढं मोठं जनावर मरेल असं कुठे वाटलं, वहिनी? पिल्लू आहे की. मोठं झालं की तेही मासे आणेल."

"आणेल ना, मेल्या. तू वाजवशील आणि ते येईल."

मला चुलीत घालून भागणार नव्हतं. त्याने दुसरी तासली असती. तिने होडी लोटली, मला वाजवलं. पिल्लू आलं, गोल डोकं वर काढून. त्या डोक्यावर तिने मला हाणलं. त्याला खेळ वाटला, ते पुन्हा आलं. तिने पुन्हा हाणलं. रक्त निघालं.

"येशील? येशील परत माणसाकडे?"

ती रडली नाही. रडली असती तर हात हलका पडला असता.

मग रोज तेच. वाजवायचं, आलं की मारायचं.

आज मी वाजले तेव्हा पिल्लू लांब, नदीच्या मधोमध वर आलं. थबकलं. आणि उलटं फिरून गेलं.

खिन सानने मला होडीत खाली ठेवलं. "शिकलं बाई," म्हणाली.

तुमच्या हाकेला रानातला, पाण्यातला एखादा जीव येत असेल, तर आधी आपल्या घरातली माणसं नीट बघा. मग हाक मारा.