कागदातून वर आलेला हात

दुपारचे चार वाजले होते, पण पडदे ओढलेल्या सभागृहात दिवस मावळल्यासारखा झाला होता. दोनशे माणसं समोरच्या भिंतीकडे टक लावून बसलेली. भिंतीवर एक पांढरा कागद टाचलेला आणि त्याच्या अलीकडे, दहा फुटांवर, दोरी.

"कोरा आहे ना?" समोरचा मोठा दिवा लावून बैठक घेणाऱ्या बाबांनी विचारलं.

"कोरा!" सभागृह एकसुरात म्हणालं.

मोठा दिवा विझला. शिष्याने भिंतीलगत, कागदाच्या अगदी कडेला, छोटा दिवा लावला आणि कोऱ्या कागदातून एक हात वर आला. लहान मुलीचा. पाच बोटं, तळवा, तळव्यावर खोल रेघ. पलीकडून कुणी कागद ढकलत असावं तसा.

"आली," धाकट्या बहिणीने थोरलीचं मनगट घट्ट धरलं. "ताई, आली गं माझी पोर."

थोरलीचा अशा गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता. तरी अंगावर काटा आलाच. सात वर्षांची भाची जाऊन आठ महिने झाले होते.

"परवा ही रेघ एवढी लांब होती का?" बाबा गरजले. "आयुष्यरेषा वाढतेय! पलीकडे लेकरू मोठं होतंय! पण हात लावायचा नाही. लावलात की तिला कळ जाते. आणि माउली, सुई बंद केलीत ना?"

"चार दिवस झाले, बाबा."

"शाब्बास. लेकीचा हात डोक्यावर असताना सुई कशाला?"

सुई म्हणजे इन्सुलिन. एकही दिवस चुकवू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. चार दिवसांत धाकटीचे डोळे खोल गेले होते. बैठक संपेपर्यंत तिने पाण्याच्या दोन बाटल्या संपवल्या.

निघताना ती दोरीपाशी थबकली. "वास आला? तिच्या पावडरचा."

थोरलीलाही आला होता. न्हाऊन आलेल्या पोरीचा वास.

तो वास तिच्या मागोमाग घरापर्यंत आला. स्वयंपाकघरात शिरली तरी होताच. तिने दिवा लावला आणि ओट्यावरच्या जुन्या वाडग्याकडे बघत राहिली.

शुभेच्छापत्रं करून विकणं हा तिचा धंदा. त्यांवरची उठावाची फुलं ती पेस्टने काढायची. दुकानातली पेस्ट परवडत नसे, म्हणून घरीच कालवायची: तीन चमचे लहान मुलांची पावडर, दोन चमचे पांढरा डिंक, चमचाभर पांढरा रंग. टूथपेस्टइतकी दाट झाली की छिद्र कापलेल्या पुठ्ठ्यावरून पट्टीने ओढायची. पुठ्ठा उचलला की फूल कागदावर. वाळलं की दगड.

पहिल्या वर्षी तिची निम्मी फुलं तडकली होती. डिंकात कंजुषी करून थर जाड दिला की वाळता वाळता भेग पडते आणि रोज थोडी लांबते.

"आयुष्यरेषा!" ती मोठ्याने म्हणाली. हसू आलं, आणि लगेच विरलं.

तिने बहिणीला फोन लावला. "नाव नोंदवताना त्यांनी तुझ्याकडून काय घेतलं होतं?"

"तिचा हातमोजा. आठवण म्हणून. का गं?"

थोरलीने सगळं सांगितलं: पेस्ट, भेग, मोज्यावरून घेतलेलं हाताचं माप. पलीकडून एवढंच, "तुला माझं एवढंही सुख बघवत नाही ना?" आणि फोन बंद.

दुसऱ्या दिवशी बैठकीत थोरली गुंडाळी घेऊन उभी राहिली. "बाबा, आमच्याकडेही कागदावर हात उमटलाय. कुणाचा ते सांगता?"

लोक कुजबुजले. नाही म्हणायची सोय उरली नाही. भाचीच्या कागदाशेजारी तो टाचला गेला, कडेचा दिवा लागला. बाईमाणसाचा हात वर आला.

बाबांनी डोळे मिटले. "तुमच्या घरातली वडीलधारी बाई. गेलेली. अतृप्त आहे."

"अतृप्त आहेच," थोरली म्हणाली, "पण गेलेली नाही." दोरी ओलांडून तिने आपला तळवा त्या हातावर ठेवला. बोटाला बोट बसलं. "काल संध्याकाळी ओट्यावर केलाय. पावडर, डिंक, रंग. पांढऱ्यावर पांढरं समोरच्या उजेडात लपतं. कडेच्या उजेडात सावली पडते आणि दिसतं. वास पावडरचा. रेघ वाढते, कारण डिंक कमी पडलाय. बाबा, जरा हात सैल सोडायचा!"

मागून कुणीतरी फिसकन हसलं.

"पापिणी!" बाबा ओरडले. "त्या लेकराला—"

थोरली भाचीच्या हाताकडे वळली आणि धाकटी किंचाळली, "ताई, नको! दुखेल तिला!"

थोरली जागीच थांबली. "मी नाही लावणार. तू लाव."

धाकटी उठली. पाच पावलांना तिला केवढा वेळ लागला. तिने बोटाच्या टोकाने रेघेची कड चाचपली. खपली सुटून तिच्या नखावर आली. तिने ती चुरडली, हुंगली. कागद भिंतीवर निमूट होता. कुणाला काही दुखलं नव्हतं.

"पावडर," ती म्हणाली. मग शिष्याकडे वळून, "माझ्या पोरीचा हातमोजा परत दे."

त्या संध्याकाळी डॉक्टरांनी तिला दाखल करून घेतलं. आणखी एक-दोन दिवस गेले असते तर काही सांगता आलं नसतं, असं ते म्हणाले.

हातमोजा उशीखाली ठेवून धाकटीने विचारलं, "ताई, तुला कालही वाटलं नाही, ती आहे असं?"

"वाटलं. अजून वाडगं धुताना मागे वळून बघते मी. वाटणं खोटं नसतं गं. पण त्या वाटण्यावर कुणी दुकान मांडलं, तर आधी दिवा हलवून बघायचा. आणि हात लावायला मनाई असेल, तर हमखास हात लावायचा."

धाकटीने बाही वर सरकवली. परिचारिका सुई घेऊन आली होती.