ठिगळांची वही

बाबांवर पाळत ठेवायची वेळ माझ्यावर येईल असं मला कधीच वाटलं नव्हतं. पण शनिवारी दुपारी कपडे धुवायला टाकताना त्यांच्या पँटच्या खिशातून एक घडी घातलेला कागद निघाला. कागदावर नऊ गोल होते. प्रत्येक गोलात एक ठिपका, आणि त्यातल्या सहा गोलांशेजारी बाबांच्या अक्षरात लिहिलं होतं, ‘भिं’.

भिं म्हणजे भिंगरी, आणि भिंगरी म्हणजे मी. घरात दुसरं कोणी भिंगरी नाही. आई तर नाहीच, ती दिवसभर डोळ्यांच्या दवाखान्यात एका खुर्चीला चिकटून रिपोर्ट टाईप करते.

बाबा गोल्फ क्लबात मुख्य माळी आहेत. बाहेरच्या लोकांना वाटतं, होल एकदा खणला की जन्मभर तिथेच. छे! गालिच्यासारखं बारीक कापलेलं जे गवत असतं ना, ज्याला ग्रीन म्हणतात, त्यावर होलची जागा रोज बदलते. बाबा पहाटे धारदार नळकांडं दाबून नवा होल पाडतात आणि निघालेला गवतासकटचा मातीचा गोळा कालच्या होलात बसवतात. ते गोल ठिगळ तीनेक आठवडे दिसत राहतं. कोणत्या ग्रीनवर कुठे ठिगळ आहे, हे मी दहा वर्षांची असल्यापासून वहीत काढते. मैत्रिणी वहीत बदाम काढतात, मी ठिगळं.

कारण मला गोल्फ आवडतो. म्हाताऱ्यांचा खेळ म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी एकदा तरी नीट बसलेला फटका मारून बघावा. हाताला काही लागल्यासारखं वाटतच नाही. नुसतं टक्, आणि चेंडू आभाळात. पण क्लबात काम करणाऱ्यांच्या मुलांना फक्त सोमवारी दुपारी खेळता येतं, सभासदांना सुट्टी असते तेव्हा. बाकी सहा दिवस मी कुंपणाला नाक लावून उभी. रविवारी मुलामुलींची स्पर्धा होती, आणि जिंकणाऱ्याला वर्षभर कुठल्याही दिवशी खेळायचा पास मिळणार होता.

म्हणूनच तो कागद मी पुन्हा उलगडला. नऊ गोल म्हणजे नऊ ग्रीन, आणि ठिपके म्हणजे रविवारचे होल. सभासद असलेल्या दातांच्या डॉक्टरांची मुलगीही स्पर्धेत होती. ती गुरुवारी कुंपणापलीकडे बुटाची नाडी बांधता बांधता हळूच म्हणाली होती, की होल कुठे पाडायचा हे ज्यांचे बाबा ठरवतात त्यांची मजा असते. तेव्हा मी हसण्यावारी नेलं होतं. आता वाटलं, हिला खरंच काही माहीत असेल तर?

आईला सांगितलं. इस्त्री न थांबवता ती म्हणाली, “त्या माणसाला माझ्या वाढदिवसाची भेट दोन दिवस लपवता येत नाही. तो कसला डाव रचतोय!” पण रात्री जेवताना मी सहज विचारल्यासारखं विचारलं, उद्याचे होल कुठे आहेत हो? तर बाबांनी मान वर केली नाही आणि पाणी मागितलं. पेला समोर भरलेला होता. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

रविवारी उजाडताच सायकल काढली. पहिल्या ग्रीनच्या दोरीबाहेरच थांबले. स्पर्धेच्या दिवशी खेळाडूनं खेळाआधी ग्रीनवर चेंडू घरंगळवला तर तो बाद, आणि मला कोणाच्या हाती आयतं कोलीत द्यायचं नव्हतं. बाबांचा पहिला होल नुकताच पाडून झाला होता. मी बघितलं आणि बघतच राहिले. होल अशा उतारावर होता की चेंडू उजवीकडे वळणारच.

आमच्या घरातल्या बोळाची फरशी डावीकडे कललेली आहे. पाच वर्षं मी दारातून स्वयंपाकघराकडे, आडव्या ठेवलेल्या पेल्यात चेंडू मारतेय. त्यामुळे डावीकडे वळणारा चेंडू मी झोपेतही घालीन. उजवीकडे वळणारा म्हटलं की माझी दांडी गुल. आणि हे जगात एकाच माणसाला माहीत आहे.

मी कागद पुढे धरला. “भिं म्हणजे मी ना, बाबा?”

बाबांनी हात पँटला पुसले. “हो. तुला सगळ्यात जड जातील अशा सहा जागा आहेत. त्यावर जिंकलीस की कोणाची बोलायची टाप नाही.”

“म्हणजे लबाडीच केलीत की! फक्त माझ्याविरुद्ध.” माझा आवाज चिरका झाला. “मुलगी नसती तर कुठे पाडला असता होल?”

त्यांनी वाकून गवतावरून हात फिरवला. “ज्या कोपऱ्याला सगळ्यात जास्त दिवस विश्रांती मिळालीय, तिथे.”

“मग तिथेच पाडा. आणि मला सांगू नका.”

मी पाठ फिरवली. मागे कागद टरकन फाटला, मग नळकांडं मातीत रुतल्याचा आवाज आला.

खेळ सुरू झाला. पहिल्या ग्रीनवर डॉक्टरांच्या मुलीनं लगेच हेरून विचारलं, की कालचं ठिगळ ठीक आहे, पण हे दुसरं ताजं ठिगळ कशाचं? मी खरं ते सांगितलं, की बाबांनी आधी मला जड जाईल अशा जागी होल पाडला होता. ती अशी हसली, जसं काही मी दात न घासताच घासले म्हणून सांगितलं असावं.

आठ होलनंतर आम्ही दोघी सगळ्यांच्या पुढे, बरोबरीत होतो. नवव्यावर तिचे पाच फटके झाले. माझे तीन झाले होते आणि चेंडू होलपासून चार पावलांवर होता. वळण डावीकडे. हुबेहूब आमचा बोळ. मी मारला, आणि तो पेल्यात पडावा तसा आत पडला.

टाळ्या वाजल्या, पण माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं. इतकं सोपं? नेमकं शेवटी? बाबा लांब दाताळं घेऊन उभे होते आणि भलतीकडेच बघत होते. मी पिशवीतून वही काढली, नवव्या ग्रीनची पानं उलटली. त्या कोपऱ्यात सव्वीस दिवसांत एकही होल नव्हता. बाकी कुठलाच कोपरा इतका रिकामा नव्हता. तरी गुडघ्यांवर बसून मी हात फिरवून खात्री केली. ठिगळ नाही. बाबांनी गवतालाच विचारलं होतं.

मग मात्र मी अशी ओरडले की पार्किंगमधले ड्रायव्हर वळून बघायला लागले.

डॉक्टरांच्या मुलीनं वही हातात घेतली, पुढून बघितली, मागून बघितली. “पण ही वही पण तुझीच ना?”

“मग तू तुझी काढ,” मी म्हटलं.

मंगळवारी शाळेनंतर पास दाखवून मी मोठ्या फाटकातून आत गेले, तर ती पहिल्या ग्रीनवर नवी कोरी वही घेऊन, गुडघ्यांवर बसून ठिगळं मोजत होती. एक ठिगळ तिच्याकडून सुटलं होतं. मी जाऊन दाखवलं.