राणीचा हात वर झाला की

राणीचा हात वर झाला की सगळं गाव जमिनीवर कोसळतं, असा त्या जुन्या नाटकात एक प्रवेश होता. पणज्यांच्या काळापासून चालत आलेलं नाटक. चेटूक येणारी राणी आणि तिच्यापुढे चळाचळा कापणारं गाव. तिसऱ्या अंकात गावातल्या बायका जाब विचारायला येतात, राणी नुसता हात उचलते, आणि बायका जागच्या जागी पडतात. लोक तिकीट काढत ते या एका प्रवेशासाठी.

आणि राणी होती ती. म्हणजे तिची मुलगी, भुंगी, पोटात येईपर्यंत होती. मग राणीचा काळा झगा बटणांशी भांडायला लागला, आणि नाटक बसवणारे दादा म्हणाले, "तू बाळंतपण उरकून ये निवांत. तोवर कुणाला तरी उभं करतो." कुणाला तरी म्हणजे कुणाला, तर तिच्याच नणंदेला. शिफारसही तिने स्वतःच केली होती आणि तेच सगळ्यात जास्त झोंबत होतं. तिला वाटलं होतं, कालची पोर ही, प्रयोग कसेबसे रेटेल, आणि लोक म्हणतील, छे, पहिलीची सर नाही.

लोक तसं काहीही म्हणाले नाहीत.

भुंगी बसायला लागली तशी ती तालमीला परतली. दादांनी तिला पाठमोऱ्या बायकांच्या घोळक्यात उभं केलं. "अंग जरा मोकळं होऊ दे. दौऱ्यावर राणी कोण, ते रविवारच्या प्रयोगानंतर ठरवू." दौरा लांबचा होता, मोठमोठ्या नाट्यगृहांचा. ते ऐकल्यापासून तिच्या डोळ्यांसमोर तो झगा सोडून दुसरं काही येईना.

तोवर रोज संध्याकाळी नणंदेच्या हातासरशी भुईसपाट व्हायचं. जिला घरी "ओला टॉवेल पलंगावर टाकलास ना पुन्हा" म्हणून ओरडायचं, तिच्यासमोर! वर नणंदेची जीभ तिखट. एकदा जेवताना तिने तळवा पसरून हात उंच केला. "वहिनी, असा हात केला तर आजची भांडी घासशील का गं?" सासूबाई खो खो हसल्या. नवरा ताटात बघून हसला. भुंगीने तर दोन्ही हातांनी टाळ्या पिटल्या. इकडे तिच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला, आणि भांडी तिनेच घासली.

तालमीत एकदा एक बाई घाईघाईने आधीच पडली. दादा खेकसले, "अगं बये, तिचा हात अजून कमरेवर आहे! तुम्हाला कळतंय का, राणीला जादूबिदू काही येत नाही. तिच्याकडे आहे काय? एक झगा आणि एक हात. तिची सगळी सत्ता तुमच्या गुडघ्यांत आहे. तुम्ही पडलात तर ती राणी. नाही पडलात तर रस्त्यात रिक्षाला हात करणारी बाई."

सगळ्या हसल्या. ती हसली नाही. राणी असताना तिला खरंच वाटायचं की काहीतरी आपल्या तळव्यातून निघतं. बोटांना मुंग्या यायच्या. आणि ते सगळं या घोळक्यातल्या बायकांनी आपल्याला दिलेलं होतं होय? मग दिलेलं काढूनही घेता येईल की.

हा विचार तिने बाळाला पाजतापाजता, कपड्यांच्या घड्या घालताघालता, कुरवाळत ठेवला. भुंगी मुठीत तिचे केस धरून झोपायची. त्या एवढ्याशा मुठीपुढे अख्खं घर वाकत होतं आणि त्याचं तिला कधी काही वाटलं नाही. नणंदेचं मात्र पाहवत नव्हतं.

रविवारी दुपारी नाट्यगृह गच्च भरलं. सासूबाई मेकअप रूममध्ये भुंगीला मांडीवर घेऊन बसल्या. तिसरा अंक लागला. बायका पुढे आल्या, ओरडल्या, राणी पायऱ्यांवर येऊन थांबली आणि तिने हात वर केला.

धप, धप, धप. सगळ्या पडल्या.

ती उभीच राहिली.

समोर नणंद. हात तसाच वर. काजळाच्या मागे तेच घरातले डोळे. ओठ न हलवता ती पुटपुटली, "वहिनी, पड ना."

ती पडली नाही. तिला फार गोड वाटत होतं, आणि त्याची लाजही वाटत नव्हती. एवढ्यात तिसऱ्या-चौथ्या रांगेतून कुणीतरी फिस्सकन हसलं. मग आणखी कुणी. याच हशाची ती इतके दिवस वाट बघत होती. पण तो आला तेव्हा तिला कळलं. हसणाऱ्यांना नणंद कोण, वहिनी कोण, काय माहीत? ते राणीला हसत होते. तो झगा तिने घालून घालून मऊ केला होता. हा हशा वाढला तर दौऱ्यावर न्यायला राणीच उरणार नव्हती, नणंदेची नाही आणि तिचीही नाही.

तिने मूठ आवळली. मान ताठ ठेवली, आणि एक गुडघा कुणीतरी बळेच वाकवावा तसा वाकू दिला. पुन्हा उठली. पुन्हा वाकली. दातओठ खात, इंचाइंचाने झगडत ती खाली गेली. हशा कधी विझला कळलंच नाही. तिचं कपाळ फळीला टेकलं तेव्हा सभागृहात कुणी खोकतसुद्धा नव्हतं. मग टाळ्यांचा असा कडकडाट झाला की पडद्यामागे भुंगी दचकून रडायला लागली.

टाळ्या राणीसाठी होत्या. केवढी तिची ताकद! लोक दारापर्यंत तेच बोलत गेले.

दादांनी विंगेत येऊन तिचे दोन्ही हात धरले. "अगं, विचारलं नाहीस, सांगितलं नाहीस, पण काय केलंस! दौऱ्यावर रोज हेच. राणी तुझी नणंदच राहू दे. पायऱ्यांवरची राणी मला आणखी मिळेल, तुझ्यासारखी पडणारी बाई कुठून आणू?"

म्हणजे तिनेच जणू स्वतःच्या हाताने नणंदेच्या डोक्यावर मुकुट घट्ट बसवून दिला होता. ते उमजलं तसा तिच्या नाकाचा शेंडा लाल झाला. ती भुंगीला पदराखाली घेऊन कोपऱ्यात बसली.

नणंद झगा सावरत समोर येऊन बसली. भाचीच्या पावलाशी खेळू लागली.

"मुद्दाम केलंस ना?"

"हो."

"पडणार होतीस की नाही?"

"नव्हते."

नणंदेने भाचीचं पाऊल सोडलं. "मी मेलेच होते गं तिथे." मग हळूच, "उद्या?"

भुंगीने दूध सोडून आत्याकडे पाहिलं. आईने तिचं डोकं हलकेच परत आपल्याकडे वळवलं.

"ते उद्या हात वर केलास की कळेल तुला," ती म्हणाली.