बाळंतिणीचं पाणी

नलूला मुलगा होऊन आठ दिवस झाले होते. गिरगावातल्या चाळीत दुर्गाबाई लेकीचं बाळंतपण अगदी रीतीनं करत होत्या. खाटेखाली शेगडी, कानाला घट्ट रुमाल आणि पिण्याच्या पाण्याला बंदी. बाळंतिणीनं पाणी प्यालं की पोट सुटतं, बाळाला सर्दी होते, हे सासूनं त्यांच्या डोक्यात पक्कं बसवलेलं. सकाळ-संध्याकाळ बाळंतशेपांचा काढा चार चमचे, एवढंच. जानेवारी छप्पन्न होता; मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही म्हणून गिरगाव पेटलं होतं. रस्त्यावरचा अश्रुधूर घरात येऊ नये म्हणून दुर्गाबाईंनी खिडकीच्या फटींतही चिंध्या कोंबल्या.

“आई, घोटभर पाणी दे ना गं. डोकं नुसतं फुटतंय.”

“बारशापर्यंत कळ काढ. मी नाही का काढली? उठू नकोस, पडून राहा.”

नवव्या दिवशी नलूला उलटी झाली, मग झटका आला आणि उजवा हात लुळा पडला. संचारबंदी होती. जावई कमलाकांत पोलिसांच्या हातापाया पडून गाडी आणेपर्यंत दोन तास गेले. इस्पितळात तिसऱ्या दिवशी नलूनं प्राण सोडला.

“मेंदूतल्या शिरेत रक्ताची गुठळी झाली,” डॉक्टर म्हणाले. “बाळंतपणात रक्त तसंही लवकर गोठतं. त्यात आठ दिवस पडून, घाम, आणि पाणी नाही. घरात आधी कुणाला असं झालं होतं?”

“माझ्या बहिणीला,” दुर्गाबाई म्हणाल्या. “बाळंतपणातच. वारं शिरलं म्हणाले होते.”

“एकेकटं कारण निभावलंही असतं. सगळी एकत्र आली. पाणी तेवढं आपल्या हातात होतं.”

दुर्गाबाईंना रडू आलं नाही. घरी येऊन त्यांनी तांदूळ निवडले, बाळाला वाटी-चमच्यानं दूध पाजलं. आत काहीच हलत नव्हतं.

दहाव्याला शेजारच्या मीनाक्षीताई समाचाराला आल्या. त्यांची सून मृणालिनी सातव्या महिन्याची, म्हणून बाहेर गॅलरीतच थांबली.

“संचारबंदीनं घात केला हो. मेल्या सरकारला तळतळाट लागेल पोरीचा!”

बायकांनी माना डोलावल्या. त्या दिवसांत सरकारच्या नावावर काहीही खपत होतं, आणि त्यातलं पुष्कळ खरंही होतं. दुर्गाबाईंनी नुसती मान हलवली असती, तरी जन्मात कुणी त्यांना बोल लावला नसता.

“संचारबंदीनं नाही, मीनाक्षीताई. पोरगी पाणी मागत होती. आठ दिवस मागत होती. मी दिलं नाही.”

दुर्गाबाई उठून दारापाशी गेल्या.

“मृणालिनी, तू मागून घे हो. सासूनं नाही दिलं, तर माझ्या दारी ये. पोटच्या पोरीला दिलं नाही, तुला देईन.”