हूटगळ्ळीचा पत्ता

"अय्यो, ही कुठून परत आली?" कमलिनी स्वतःशीच पुटपुटली आणि चष्मा वर सरकवून पुन्हा पडद्याकडे बघू लागली. आज ज्यांच्या घरी फिल्टरची सर्व्हिसिंग करायची, त्यांच्यात पावनीचं नाव होतं. शेजारी हूटगळ्ळीचा नवा पत्ता.

हे नाव कमलिनीनं आपल्या हातानं पुसलं होतं. पाण्याच्या फिल्टरच्या या कंपनीत तिचं अर्धं आयुष्य गेलं. नावं घालायचं काम रोजचंच, पण पुसायला सांगणारी पावनीसारखी एखादीच. नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून बाई घर सोडून निघाली आणि स्वतःच्या पगारातून घेतलेला फिल्टर तेवढा बरोबर घेऊन आली. नव्या घरी तो बसवायला पत्ता दिला, आणि मग तिच्या लक्षात आलं की कंपनीत मोबाइल नंबर अजून नवऱ्याचाच आहे. धापा टाकत ऑफिसात आली होती बिचारी.

"माझं सगळंच काढून टाका हो अक्का. फिल्टर बंद पडला तरी चालेल."

कमलिनीनं तिच्या डोळ्यांदेखत पुसलं आणि वर छातीठोकपणे सांगितलं, "गेलं बघा. आता सुम्ने, उगाच काळजी करत बसू नका."

पुढं दसऱ्याच्या गडबडीत कॉम्प्युटरनं मान टाकली. मॅनेजर निनादनं आधी जपून ठेवलेली प्रत परत चढवली. पुसलेली माणसं त्यात जशीच्या तशी होती.

"सर, पुसलेली नावं परत पुसायला पाहिजेत की," ती तेव्हाच म्हणाली होती.

"बघू हो कमलिनीताई, दिवाळी होऊ दे. कोण विचारायला येतंय?" निनाद पुण्याहून आलेला, हुशार, गोडबोल्या. त्याच्यापुढे कमलिनी गप्प बसली. इतकी वर्षं नोकरी केली की गप्प बसणं अंगवळणी पडतं मेलं!

सर्व्हिसिंगच्या आदल्या दिवशी पत्त्यासकट मेसेज आपोआप जातो. तो कुठल्या नंबरवर गेला ते तिनं उघडून बघितलं. नवऱ्याच्याच.

फिटिंगच्या वेळी पावनीनं दिलेला दुसरा नंबर खाली होता. तिनं लगेच लावला.

"पावनी, मी फिल्टर ऑफिसातून कमलिनी बोलते."

"अय्यो अक्का, शंभर वर्षं आयुष्य तुम्हाला! आत्ताच आला तुमचा माणूस. मी बोलावलं नव्हतं, पण बरं झालं, फिल्टर गळतोयच मेला. गॅलरीतून खालच्या दाराची किल्ली टाकली. येतोय वर."

"कोण येतोय? तोंड बघितलंत?"

"हेल्मेट आहे हो डोक्यावर. फिल्टरवाला म्हणाला."

कमलिनीनं मान वळवली. कंपनीचा एकुलता एक मेकॅनिक सयाजीराव समोरच्या बाकावर बसून डब्यातला चित्रान्नाचा भात खात होता. हूटगळ्ळीला तो जेवण झाल्यावर निघणार होता.

"पावनी, कडी लावा! आमचा माणूस नाही तो! कडी लावा आधी!"

पलीकडून पावलं धावल्याचा आवाज आला, मग कडी लागल्याचा. फोनमधून नुसता तिचा श्वास ऐकू येत होता. मग दारावर हलकेच टकटक झाली आणि एक पुरुषी आवाज आला, अगदी प्रेमळ.

"पावी, मीच आहे गं. उघड ना."

सयाजीराव डबा तसाच टाकून गाडीकडे पळाला. कमलिनीनं पावनीचा फोन कानाला तसाच धरला आणि दुसऱ्या हातानं टेबलावरच्या फोनवरून पोलिसांना लावला. पत्ता सांगताना तिला रडू आवरेना.

"कमलिनीताई, उठा, उठा," म्हणत निनाद केबिनमधून धावत आला. तिच्या खुर्चीत बसला आणि घाईघाईनं पावनीचं नाव पुसायला लागला.